मार्फतीसाठी घेतलेला लॅपटॉप

अर्जाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात अर्जदाराचा पत्ता लिहावा, हा आमच्या व्यवसायातला पहिला धडा. परंतु ज्या माणसाचा पावसाळ्यातला पत्ता डोळखांबच्या डोंगरातला पाडा आणि दिवाळीनंतरचा पत्ता भिवंडीकडची कुठलीशी वीटभट्टी, त्याचा कोणता पत्ता लिहावा? अशा माणसांसाठी त्या कोपऱ्यात मी वर्षानुवर्षे एकच ओळ लिहीत आलो : मार्फत अर्जनवीस, तहसील कचेरीसमोर, शहापूर.

त्या ओळीपायी मला लॅपटॉप घ्यावा लागला. तो मी कसा निवडला हे अनेक जण विचारतात, सबब येथे सविस्तर निवेदन करतो.

प्रथम स्वतःविषयी आवश्यक तेवढे. माझे शिक्षण सातवीपुढे गेले नाही. माझे अर्ज मात्र मंत्रालयापर्यंत गेलेले आहेत, आणि भाषेपायी एकही परत आल्याचे मला स्मरत नाही. शहापूरला कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझे टेबल आहे. आठवड्यातले दोन दिवस मी मुरबाडला बसतो. टाइपरायटर शहापूरलाच राहत असे. त्याला एसटीत घालून रोज नेणे हमालाचे काम होते. मुरबाडला मी हातानेच लिही, आणि माझे अक्षर पाहून तिथल्या एका साहेबांनी 'हा कागद कुठे छापला?' असे विचारले होते.

लोकांना वाटते, अर्जनवीस म्हणजे मागणी उतरवून देणारा. काम तेवढे सोपे नाही. माणूस आपली अडचण शेवटाकडून कधीच सांगत नाही. तो सासऱ्याच्या मरणापासून सुरुवात करतो, वाटेत दोन म्हशी आणि एक भावबंदकी येते, आणि मागणी निघते शिधापत्रिकेत नाव घालण्याची. ते सारे ऐकून घ्यायचे, त्यातले साहेबांच्या उपयोगाचे निवडायचे, आणि अर्जदाराला आपले काही गाळले असे वाटू द्यायचे नाही. मग अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा. अर्जदार 'हां, असंच' म्हणेपर्यंत मी सही वा अंगठा घेत नाही. नुसते 'हां' मला चालत नाही. माणूस साहेबालाही 'हां' म्हणतो आणि सावकारालाही. 'असंच' तो मनापासून म्हणतो.

मार्फतीच्या त्या दिवसांची आज फार आठवण येते. टपालवाला सायकल शेडला टेकवून आधी माझ्या टेबलाकडे येई. आलेला कागद मी काळू नदीतून आणलेल्या गोट्याखाली ठेवी आणि डोळखांबच्या गाडीच्या कंडक्टरला सांगे, "वरच्या पाड्याच्या अमक्याला निरोप द्या, कागद आलाय." कंडक्टर तो निरोप दुधवाल्याला देई, दुधवाला पाड्यावर पोचवी. निरोप हरवला असे झाले नाही. माणूस भट्टीवर असेल तर कागद होळीपर्यंत गोट्याखाली राही. तो आला की मी वाचून दाखवी.

वैशाखऱ्याचे गोविंदबाबा तर कोणताही अर्ज न करता माझ्या मार्फतीत आले. त्यांचा मुलगा सुरतेला गेलेला. घरी पत्र आले की सून आधी वाचते, म्हणून बाबांनी त्याला माझा मुरबाडचा पत्ता दिला. दर बाजाराला ते येत. "आला का माझा कागद?" आला असेल तर मी वाची. नसेल तर म्हणत, "मागचाच वाच रे पुन्हा. तो तरी कुठं जुना झालाय!" मी मागचे पत्र पुन्हा वाची. बाबा गेले, त्यानंतरही एक पत्र आले. ते मी स्वतः वैशाखऱ्याला नेऊन सुनेच्या हातात दिले.

नंतर सारे ऑनलाइन झाले. अर्ज संगणकावर, उत्तर संगणकावर, आणि उत्तराची सूचना मोबाइलवर. टपालवाल्याची सायकल शेडपाशी थांबेनाशी झाली. लोक केंद्रावर जाऊन रांगेत अर्ज भरू लागले आणि माझ्याकडे येत ते त्या पावतीवर काय लिहिले आहे हे विचारायला. मी वाचून दाखवी. पावतीत 'असंच' म्हणण्याजोगे काही नसे.

एका वर्षी, भातकापणी उरकल्यावर, तुळसाबाई आली. डोळखांबच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची, काशिनाथची बायको. तिच्या सासूचा अर्जही मीच लिहिलेला. तिची मुलगी सुनंदा आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून बारावीला होती आणि तिला परिचारिकेच्या शिक्षणाला जायचे होते. राखीव जागेसाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते. अर्ज शाळेमार्फत ऑनलाइन भरून झाला होता. प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी हातात नसेल, तर जागा दुसरीला जाते.

"भाऊ, आमी आता भट्टीवर चाललो," तुळसाबाई म्हणाली. "पोरीचा कागद तुमच्याकडं येवंदे. मार्फत."

मी तिला समजावले. कागद आता येत नाही. अर्जात काही कमी असेल तर ते संकेतस्थळावर दिसते, आणि मुदतीत उत्तर दिले नाही तर अर्ज बंद होतो. सूचना तिच्याच मोबाइलवर जाणार.

"माझा मोबाइल? तो भट्टीवर गेला का मरतो. आणि मुकादम दर साली नवं सिम देतो."

"मग कोणीतरी रोज संगणकावर बघायला हवे."

"मंग तुमी बघा की."

"माझ्याकडे यंत्र नाही, तुळसाबाई."

तिने माझ्या टाइपरायटरकडे पाहिले, मग माझ्याकडे. "एवढं मोठं लिवणार तुमी, आणि यंतर नाय? मंग घ्या की!" एवढे बोलून तिने वहीच्या कागदाची एक घडी टेबलावर ठेवली. सुनंदाने त्यावर अर्जाचा क्रमांक आणि परवलीचा शब्द लिहून दिला होता. तुळसाबाईने स्वतःच्या हाताने नदीचा गोटा उचलून त्यावर ठेवला आणि गाडी पकडायला गेली.

शेजारच्या टेबलावर गजाननराव बसतात. तेही टंकलेखक. ते हसून म्हणाले, "झालं! आता पोस्टमनची नोकरी तुम्हालाच."

मला त्या गोट्याखालचा कागद रोज दिसू लागला. त्याच आठवड्यात मी लॅपटॉप घ्यायला निघालो.

बाजारपेठेत नितीनशेठचे दुकान आहे. माणूस रोज ठाण्याला ये-जा करून धंद्यात पडलेला, त्यामुळे बोलण्याचा वेग फास्ट गाडीचा. त्याने विचारले, "अर्जभाऊ, करणार काय लॅपटॉपवर? पिक्चर? गेम?"

"संकेतस्थळे उघडणार, अर्ज भरणार, टपाल पाहणार. रोज. आणि किंमत जुन्या मोटारसायकलीच्या आत पाहिजे."

त्याने प्रथम एक भला मोठा काढला. रुंद पडदा, आकड्यांची वेगळी पट्टी, कळांखाली रंगीत दिवे. मी तो उचलून पाहिला आणि म्हणालो, "शेठ, हा माझ्याबरोबर मुरबाडला यायचा नाही. मलाच याच्याजवळ राहावे लागेल."

मग त्याने अगदी पातळ, अगदी स्वस्त असा एक काढला. "हा घ्या, पापड! वजनच नाय." माझे मन त्याच्यावरच बसले होते. परंतु मी विचारले, "याला अंगठ्याचे यंत्र जोडता येते? छपाईचे? मराठी टंकलेखन माझ्या सवयीच्या कळांवर होते?"

"हा फक्त नेटचा आहे, भाऊ. अंगठा-बिंगठा... ते बघावं लागंल."

"तुम्ही बघेपर्यंत मी घेत नाही." तरीही मी त्यावर सरकारी संकेतस्थळ, टपाल आणि एक नमुना अर्ज असे तिन्ही एकदम उघडायला लावले. तिसऱ्याला तो चढण चढलेल्या माणसासारखा थांबला.

येथे वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण. दुकानदार आकडे सांगून माणसाला घाबरवतात. मी ते माझ्या शेडच्या हिशेबाने लावून घेतले. ज्याला ते रॅम म्हणतात ते आपले टेबल, आणि साठवण म्हणजे कपाट. नेटवरच्या कामाला कपाट लहान चालते, कारण कागद तिकडे दप्तरात असतात. टेबल मात्र ऐसपैस पाहिजे, नाहीतर दुसरा कागद उघडताना पहिला खाली पडतो. म्हणून रॅम आठ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. कपाट जुन्या फिरत्या तबकडीचे नको, एसएसडी म्हणतात ते हवे. ते चटकन उघडते आणि धक्क्याला घाबरत नाही. आतला मेंदू मधल्या प्रतीचा पुरतो, फक्त फार म्हातारा नसावा. यापुढचे सारे आकडे ज्याला हौस आहे त्याने मोजावेत.

परंतु माझ्या व्यवसायाला लागणाऱ्या चार गोष्टी कोणत्याच डब्यावर लिहिलेल्या नव्हत्या. त्या मला स्वतः तपासाव्या लागल्या.

नितीनशेठने शेवटी कपाटाच्या तळातून एक काळा, दिसायला अगदी सामान्य लॅपटॉप काढला. कुठल्याशा कंपनीतून वापरून निघालेला, बॅटरी नवी घातलेली. टेबल-कपाट माझ्या हिशेबाचे होते, आणि अंगठ्याचे व छपाईचे यंत्रही जोडता येत होते. "हा तुम्हाला आवडणार नाय. शोभा नाय याला."

मी तो खांद्यावरच्या पिशवीत घातला, बरोबर शाईचा पॅड, कोऱ्या कागदांची गड्डी आणि पाण्याची बाटली घातली, आणि एसटी स्टँडपर्यंत चालत जाऊन परत आलो. शेठ दारात उभा. "अहो भाऊ, मला वाटलं नेलात!"

"खांदा काय म्हणतो ते पाहत होतो." खांदा काही म्हणाला नाही.

नंतर मी तो दुकानाबाहेर उन्हात उघडला. नव्या चकचकीत पडद्यांत मला माझाच चेहरा दिसत होता. याचा पडदा खरखरीत, अक्षरे नीट दिसली. आमच्या शेडला तीन बाजू उघड्या आहेत, वाचकांनी लक्षात घ्यावे. मग कळा. मी माझ्या नेहमीच्या हाताने 'महोदय' लिहिले.

"हळू, भाऊ, हळू! टाइपरायटर नाय हा!"

"त्याला माहीत असायला हवे की हात कोणाचा आहे." कळा खोल होत्या. त्यांनी हात ओळखला.

शेवटची तपासणी सर्वांत महत्त्वाची. मी शेठला समोरच्या स्टुलावर बसवले, मधे लॅपटॉप ठेवला. "आता तुम्ही अर्जदार. मी काय लिहितोय ते तुम्हाला दिसते का?"

"मला कसं दिसणार? माझ्याकडं याची पाठ आहे."

मी पडदा मागे ढकलत गेलो. इतर लॅपटॉप अर्ध्या वाटेत अडले होते. हा मागे मागे जात पार आडवा झाला आणि टेबलावर कागदासारखा पसरला. शेठने वाकून पाहिले. "आता दिसतंय. उलटं, पण दिसतंय."

माझे अर्जदार तसेही कागद उलटाच पाहत आले आहेत. मी तो घेतला.

गजाननरावांनी तो पाहताच नाक मुरडले. "दुसऱ्यानं वापरलेला?"

"साहेब बदलले तरी आत खुर्ची तीच असते, गजाननराव. तिच्यावरून दिलेला हुकूम शिळा होत नाही."

तेव्हापासून रोज सकाळी टेबल पुसले की मी प्रथम सुनंदाचा अर्ज उघडून पाहू लागलो. पूर्वी टपालवाल्याची वाट पाहत असे, तीच ती वेळ. 'प्रलंबित' एवढाच शब्द दिसे. मुरबाडला असलो तर तिथल्या बाकावर, मोबाइलच्या नेटवर पाही. संक्रांत झाली आणि एका सकाळी तो शब्द बदलला. वंशावळ अपूर्ण. वडिलांच्या आजोबांच्या भावांच्या शाखा दाखवून, वडिलांच्या सहीने, मुदतीत सादर करावी. मागणी रास्तच होती. शाळेत भरलेल्या वंशावळीत एकच सरळ रेघ होती.

सुनंदाला वसतिगृहावर फोन लावला. "भाऊ, मला आज्याच्या पुढचं नाय माहीत," ती म्हणाली, आणि मग हळूच, "अर्ज बंद होईल का?" तिच्या आईचा मोबाइल अर्थातच मेलेला होता. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि भिवंडीची गाडी पकडली. पडघ्याच्या पुढे उतरून दोन भट्ट्या चुकलो, तिसरी सापडली. तिथपर्यंतच्या चालण्यात मला तो पहिला, रंगीत दिव्यांचा लॅपटॉप आठवत होता.

भट्टीच्या मुनिमाने अडवले. "कामाच्या टायमाला भेट नाय. कोण तुमी?"

"शहापूरचा अर्जनवीस."

"कोर्टाचा माणूस?"

"कचेरीसमोर बसतो," मी म्हणालो. ते शब्दशः खरे होते. त्याने वाट सोडली.

काशिनाथ चिखल मळत होता. हात धुऊन आला, उकिडवा बसला. मी लॅपटॉप उलट्या घमेल्यावर ठेवून उघडला आणि माझ्या नेहमीच्या पद्धतीने विचारले, "आजोबांचे नाव? त्यांचे बंधू किती? त्यांची अपत्ये?"

त्याचा चेहरा कोरा झाला. "आजा सोमा. त्याचा भाऊ... देवजी. नाय, देवजी चुलता. थांबा." पुन्हा सांगितले ते निराळेच निघाले. मी खोडले, त्याने बदलले. तुळसाबाई पाठीमागून म्हणाली, "अवं, स्वतःचं घर इसरला का काय!" तो आणखीच गोंधळला. मुनीम घड्याळ बघत उभा होता. चुकीचे एक नाव गेले असते, तर अर्जावर दुसरी संधी नव्हती.

तेव्हा मला त्याच्या आईचा अर्ज आठवला. म्हातारीने नावे भरभर सांगितली होती, कारण पितरांची पाने मांडावीत तशी ती एकेक सांगत होती. मी लॅपटॉप बाजूला सारला. "काशिनाथ, सर्वपित्रीला घरात पानं मांडता ना? कोणाचं पान कुठं, तेवढं मांडून दाखव."

"इथं पानं कुठली?"

"वीट ठेव."

त्याने इकडेतिकडे पाहिले आणि भाजलेली एक वीट आणून जमिनीवर ठेवली. "हा आजा, सोमा. ह्याच्या उजव्या हाताला भाऊ, रामा." दुसरी वीट. आता त्याचे हात थांबेनात. "रामाच्या खाली त्याचे दोघं. देवजी इथं, आजाच्या पोटचा."

"तो कोपऱ्यात ठेवा," तुळसाबाई म्हणाली. "मामंजी सांगायचे, देवजी कधी कुणाच्या पंगतीला नाय बसला."

आजूबाजूच्या झोपड्यांतली दोन-चार पाड्याची माणसे जमली. एक म्हातारा म्हणाला, "रामाचा धाकटा तर जित्ता हाय! वैशाखऱ्याला सासुरवाडीत ऱ्हातो. त्याला कशाला भाजला?"

काशिनाथने जीभ चावली, ती वीट उचलली आणि तिथे वाळत घातलेली कच्ची वीट ठेवली. तिथून नियमच झाला. गेलेले भाजलेले, हयात कच्चे. काशिनाथने स्वतःची वीट ठेवली तेव्हा मुनीमही वाकून पाहत होता. "आणि मुलगी?" त्यानेच विचारले.

तुळसाबाई उठली. मळलेल्या चिखलाचा गोळा साच्यात न घालता तिने हातानेच थापून एक छोटीशी ओली वीट केली आणि सगळ्यांत शेवटी, पण जराशी पुढे, ठेवली.

मी लॅपटॉप त्या विटांच्या शेजारी जमिनीवर पार आडवा उघडला आणि जशा विटा तशी नावे उतरवली. काशिनाथ एका डोळ्याने विटा, एका डोळ्याने पडदा पाहत होता. छपाईचे यंत्र अर्थात नव्हते. मग मी कोरा कागद मांडीवर घेतला आणि ती वंशावळ मुरबाडच्या अक्षरात लिहून काढली. सुरुवातीपासून वाचून दाखवली. देवजीपाशी काशिनाथ थांबला, विटेकडे पाहिले, आणि म्हणाला, "हां. असंच." त्याने सही केली. मी कागदाचा फोटो घेतला आणि तिथूनच, मोबाइलच्या नेटवर, अर्जाला जोडला. 'सादर झाले' असे आल्यावर मी मोठ्याने वाचले. मुनीम म्हणाला, "चला, इटा उचला आता." कोणी हलले नाही. शेवटी त्यानेही संध्याकाळपर्यंत त्या तशाच राहू दिल्या.

पुढे रोज सकाळी पुन्हा 'प्रलंबित'. होळी झाली, लोक भट्ट्यांवरून परतू लागले. एका सकाळी टेबल पुसायच्या आधीच मी पडदा उघडला आणि प्रमाणपत्र समोर होते. मी डोळखांबच्या गाडीकडे गेलो. कंडक्टर नवा होता. "वरच्या पाड्याच्या काशिनाथला सांगा, कागद आलाय," मी म्हणालो. तो म्हणाला, "फोन करा ना काका." मी म्हणालो, "पोरीला फोन केलाय. तरी सांगा."

प्रवेशाच्या दिवसांत सुनंदा आईला घेऊन टेबलाशी आली. परिचारिका विद्यालयात नाव लागले होते, वसतिगृहाचा अर्ज भरायचा होता. मी कळांवर हात ठेवले. ती म्हणाली, "भाऊ, मी भरू?" मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. ती भराभर भरत गेली. टाइपरायटर शेजारी आच्छादनाखाली होता. त्याचा कागदाचा रूळ पुढे-मागे सरकल्याचा आवाज मला उगाचच ऐकू येत होता. गजाननराव मान वळवून बघत होते.

भरून झाल्यावर तिने पडदा आडवा केला, कारण तो होतो हे तिला आईने सांगितले होते. मी नेहमीप्रमाणे वाचायला सुरुवात केली. नाव, वर्ग, मोबाइल क्रमांक तिचा स्वतःचा. पालकांचा पत्रव्यवहाराचा पत्ता, त्या चौकटीपाशी मी थांबलो. तिथे माझी ओळ असेल असे मी गृहीत धरले होते. तिने लिहिले होते : मार्फत कु. सुनंदा काशिनाथ, मुलींचे वसतिगृह.

"भाऊ, आता आईबाचं काय आलं तर मीच बघेन," ती म्हणाली. "चालेल ना?"

तुळसाबाईने विचारले, "काय लिवलंय? वाचा की."

मी ती ओळ मोठ्याने वाचली. एकदा वाचून पुन्हा वाचली.

"हां," तुळसाबाई म्हणाली. "असंच."